जुनी शेअर सर्टिफिकेटं सापडली? पाकीट पाठवण्याआधी हे वाचा

घरातलं मोठं माणूस गेल्यावर कपाट आवरायला घेतात, आणि एलआयसीच्या पावत्या, जुनी पासबुकं, लग्नपत्रिका यांच्या खालून एक फाइल निघते. आत पिवळी पडलेली शेअर सर्टिफिकेटं. मग कुणीतरी मोबाइलवर त्या कंपनीचा आजचा भाव काढतं, शेअरच्या आकड्यानं गुणतं, आणि दोन दिवस घरात दुसरा विषय नसतो. तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेटं पाकिटात भरून रवाना. काही आठवड्यांनी सगळं परत येतं, सोबत हरकतींचं पत्र.

ती पाकिटं फोडायचं काम मी निवृत्त होईपर्यंत केलं. मुंबईतल्या एका रजिस्ट्रारच्या कचेरीत मी शेअर ट्रान्सफरच्या टेबलावर होते. कंपनी स्वतः भागधारकांची नोंदवही क्वचितच सांभाळते. ते काम रजिस्ट्रारकडे, म्हणजे ज्याला ‘आरटीए’ म्हणतात त्याच्याकडे दिलेलं असतं. आता सोसायटीतले, नात्यातले लोक फाइल घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना काहीही पाठवण्यापासून थांबवते.

मोठ्या कायदेशीर गुंत्यापायी परत जाणारी पाकिटं थोडी. बाकीची परत जातात ती नावातल्या अक्षरापायी, सहीपायी, बँकेच्या अपुऱ्या शिक्क्यापायी, आणि कामं उलट्या क्रमानं केल्यामुळे. रजिस्ट्रारच्या टेबलावरच्या माणसाला तुमचं घर माहीत नसतं. त्याच्यासमोर असतो फक्त फोलिओ, म्हणजे नोंदवहीतलं भागधारकाचं खातं. त्यात जे नाव, ज्या क्रमानं, ज्या सहीसकट आहे, तिथून तुमच्या आजच्या आधार-पॅनपर्यंत कागदांची साखळी कुठेही न तुटता आली पाहिजे. पुढचं सगळं ही साखळी जुळवण्याबद्दल आहे.

आधी सर्टिफिकेट नीट वाचा

लॅमिनेट करू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण कागद जीर्ण झालाय म्हणून लोक हौसेनं लॅमिनेट करून आणतात आणि मग मागचा शिक्का तपासता येत नाही की त्यावर काही नोंदवता येत नाही. पेनानं खुणा नकोत, स्टेपलर नको. दोन्ही बाजू स्कॅन करा आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात ठेवा.

पुढच्या बाजूला कंपनीचं नाव, फोलिओ नंबर, सर्टिफिकेट नंबर, ‘डिस्टिंक्टिव्ह नंबर’ (अमुकपासून तमुकपर्यंत अशी आकड्यांची मालिका), शेअरची संख्या आणि दर्शनी किंमत असते. हे सगळं एका वहीत उतरवा. मग कागद उलटा करा. शेअर बाजारातून विकत घेतलेले असतील तर पुढच्या बाजूला भलत्याच माणसाचं नाव असतं, आणि मागच्या तक्त्यात एकाखाली एक हस्तांतरणाच्या नोंदी. त्यातली शेवटची नोंद खरी. माझ्या नणंदेनं एक अख्खं सर्टिफिकेट ‘हे आपलं नाही, कुणा शहांचं आहे’ म्हणून रद्दीत टाकायला काढलं होतं. मागे शेवटच्या ओळीत तिच्या सासऱ्यांचं नाव होतं.

सर्टिफिकेटला जर ट्रान्सफर डीड (विक्रेत्याच्या सहीचा हस्तांतरणाचा फॉर्म) जोडलेलं असेल आणि मागे तुमच्या माणसाच्या नावाची नोंदच नसेल, तर प्रकरण वेगळं. याचा अर्थ शेअर घेतले, पैसे दिले, पण नावावर करून घ्यायला कधी पाठवलेच नाहीत. पूर्वी लोक असे कोऱ्या डीडसकट शेअर वर्षानुवर्षं ठेवायचे. कंपनीच्या वहीत मालक आजही तो जुना विक्रेता. 1 एप्रिल 2019 पासून सूचिबद्ध कंपन्यांच्या कागदी शेअरचं खरेदी-विक्रीचं हस्तांतरण सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, बंद केलं. त्याआधी डीड पाठवलं होतं पण त्रुटींमुळे परत आलं, अशांसाठी सेबीनं 7 जुलै 2025 ते 6 जानेवारी 2026 अशी खास खिडकी उघडली होती. अशी दुसरी संधी चालू आहे का ते रजिस्ट्रारला थेट विचारा, आणि तोवर ती सर्टिफिकेटं वेगळी ठेवा. बाकीच्यांच्या पाकिटात ती घालू नका.

फाइलमधले बाकीचे कपटेही टाकू नका. लाभांशाच्या वॉरंटचा (चेकसारख्या कागदाचा) फाडलेला अर्धा भाग, वाटपाचं पत्र, वार्षिक अहवालाच्या पाकिटावरची पत्त्याची पट्टी, या सगळ्यांवर फोलिओ नंबर असतो. सर्टिफिकेट हरवलेलं आहे पण वॉरंटचा तुकडा आहे, एवढ्या आधारावर शेअर शोधून निघालेले मी पाहिले आहेत.

कंपनी आज कुठे आहे

टेल्को नावाची कंपनी आज शोधून सापडणार नाही. 2003 साली ती टाटा मोटर्स झाली. 2011 मध्ये तिच्या 10 रुपयांच्या एका शेअरचे 2 रुपयांचे पाच झाले. मग ऑक्टोबर 2025 मध्ये विभाजन झालं: जुनी कंपनी आता ‘टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स’ आहे आणि ‘टाटा मोटर्स’ हे नाव ट्रक-बसच्या कंपनीकडे गेलं. म्हणजे 1998 सालचं टेल्कोच्या 100 शेअरचं सर्टिफिकेट हातात असेल, तर हिशोब दोन कंपन्यांच्या प्रत्येकी 500 शेअरचा करायचा.

एचडीएफसीचं घ्या. गृहकर्जवाल्या एचडीएफसी लिमिटेडचं 2006 सालचं 50 शेअरचं सर्टिफिकेट. 2010 मध्ये 10 रुपयांचे 2 रुपये झाले, म्हणजे 250 शेअर. 1 जुलै 2023 ला ती एचडीएफसी बँकेत विलीन झाली, दर 25 शेअरमागे 42 मिळाले, म्हणजे 420. ऑगस्ट 2025 मध्ये बँकेनं एकास एक बोनस (एका शेअरमागे एक फुकट) दिला, म्हणजे 840. कागदावर मात्र अजूनही 50 च लिहिलेलं आहे. म्हणूनच कागदावरचा आकडा आजच्या भावानं गुणून घरात जाहीर करू नका. तो उत्तर कमीही दाखवेल, जास्तही. आणि भावंडांमध्ये एकदा आकडा बोलला गेला की तो मागे घेता येत नाही.

असंच टिस्को म्हणजे टाटा स्टील, हिंदुस्तान लिव्हर म्हणजे हिंदुस्तान युनिलिव्हर, टॉमको आधी लिव्हरमध्ये गेली, ब्रुक बाँड लिप्टनही तिथेच पोचली. जुनं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. तिथे कंपनीची स्थितीही दिसते. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनी सूचिबद्ध आहे, निलंबित आहे की काढून टाकलेली आहे ते कळतं. कंपनी सापडली की तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात रजिस्ट्रारचं नाव आणि पत्ता असतो. तो रोज बदलत नाही, पण बदलतो, त्यामुळे सर्टिफिकेटवर छापलेल्या पत्त्यावर काही पाठवू नका. त्यातली निम्मी कार्यालयं तिथे उरलेली नाहीत.

विलीनीकरण किंवा विभाजनानंतर जुनी सर्टिफिकेटं बहुतेक वेळा रद्द झालेली असतात आणि नवी तुमच्या जुन्या पत्त्यावर पाठवलेली असतात. चाळ पाडली, तुम्ही डोंबिवलीला राहायला गेलात, पोस्टमन पाकीट परत घेऊन गेला. घाबरू नका. असे परत आलेले शेअर कंपनीच्या ‘अनक्लेम्ड सस्पेन्स’ खात्यात जमा असतात, मालकी तुमच्याच माणसाची.

आणि काही फाइलींमध्ये नुसतीच माती असते. 1992 ते 1996 च्या पब्लिक इश्यूंच्या लाटेत 10 रुपये दर्शनी किमतीला शेअर विकून पुढे गायब झालेल्या कंपन्या पुष्कळ. मंत्रालयाच्या नोंदीत ‘स्ट्राइक ऑफ’ किंवा ‘लिक्विडेशन’ दिसलं, तर त्या सर्टिफिकेटासाठी नोटरीला एक रुपयाही देऊ नका. लोकांना हे ऐकवत नाही, कारण वडिलांनी पै-पै साठवून ते घेतलेले असतात. तरीही काम करायचं ते जिवंत कंपन्यांवर, आणि त्यातही मोठ्या रकमेच्या कंपनीपासून सुरुवात करून. दोन हजार रुपयांच्या शेअरसाठी आणि वीस लाखांच्या शेअरसाठी कागदपत्रांची मेहनत फारशी वेगळी नसते.

पहिलं पत्र, सर्टिफिकेटांशिवाय

सगळ्यात उपयोगी पायरी हीच, आणि जवळजवळ सगळे हीच गाळतात. मूळ कागद पाठवायच्या आधी रजिस्ट्रारला ईमेलनं किंवा स्पीड पोस्टानं एक साधं पत्र लिहा. (रजिस्टर पोस्ट शोधू नका, 2025 मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालंय.) असं काहीसं:

‘माझे वडील कै. अमुक यांच्या नावे आपल्या नोंदवहीत फोलिओ क्र. ___ आहे. सर्टिफिकेटच्या व मृत्यूच्या दाखल्याच्या स्वसाक्षांकित प्रती सोबत जोडल्या आहेत. कृपया कळवावे: (१) फोलिओत आज किती शेअर आहेत व कोणत्या कंपनीचे, (२) भागधारकांची नावे, नोंदीत आहेत तशी व त्याच क्रमाने, (३) नॉमिनेशन नोंदले आहे का, (४) शेअर किंवा लाभांश आयईपीएफ या सरकारी निधीकडे वर्ग झाले आहेत का, झाले असल्यास कधी, (५) न दिलेला लाभांश किती, (६) माझ्या बाबतीत लागणाऱ्या कागदपत्रांची यादी व नमुने.’

खाली तुमचं नाव, नातं, पॅनची प्रत, मोबाइल. भागधारकाचं नाव इंग्रजीत लिहाल ते सर्टिफिकेटवर आहे अगदी तसंच लिहा, चूक असली तरी.

उत्तर आलं की अर्धं काम झालं असं समजा. पुढचा प्रत्येक अर्ज या उत्तराच्या आधारानं भरायचा. उत्तरच आलं नाही तर पंधरवड्यानं आठवण करा, मग सेबीच्या ‘स्कोअर्स’ संकेतस्थळावर तक्रार टाका. तिथे कंपनीला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्या कचेरीत स्कोअर्सची तक्रार आली की साहेब स्वतः उठून टेबलापाशी यायचे, एवढं सांगितलं तरी पुरे.

नाव: इथेच घोडं अडतं

आपल्याकडच्या नावांची तऱ्हा रजिस्ट्रारच्या संगणकाला कधी कळली नाही. सर्टिफिकेटवर ‘डी. व्ही. कुलकर्णी’. पॅनवर ‘दत्तात्रय विष्णू कुलकर्णी’. आधारवर ‘कुलकर्णी दत्तात्रेय विष्णुपंत’. मृत्यूच्या दाखल्यावर ‘दत्तोपंत’. घरच्यांना चारही एकच माणूस. टेबलावर बसलेल्याला चार माणसं. त्यानं ती एकच मानली आणि उद्या दुसरा कुणी दावा घेऊन आला, तर नोकरी त्याची जाणार. त्यामुळे त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक असेल तर ओळखीचा आणखी एक कागद, ज्यात दोन्हींना जोडणारं नाव आहे, बहुधा पुरतो. जुना पासपोर्ट, सेवापुस्तकाचं पान, पेन्शनची ऑर्डर. आद्याक्षरं उलगडणारा एखादा जुना सरकारी कागद सापडला तर तो सोन्यासारखा जपा. फरक मोठा असेल तर ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र लागतं. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून 100 च्या जागी 500 रुपयांचा स्टँप पेपर आला आहे, तेव्हा मसुदा रजिस्ट्रारकडून तपासून घेतल्याशिवाय पेपर विकत घेऊ नका. शब्दांचा नमुना प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो, आणि चुकला की तुमचे 500 गेले.

बायकांच्या नावांचं तर विचारूच नका. आमच्या पिढीपर्यंत लग्नात आडनावच नाही, पाळण्यातलं नावही बदलायची पद्धत होती. आईला तिच्या वडिलांनी लग्नाआधी शेअर घेऊन दिलेले असतात ‘कुमुद गोविंद जोशी’ या नावानं, आणि तिचं पॅन असतं ‘वसुधा श्रीकांत देशपांडे’. तिन्ही शब्द वेगळे! इथे विवाह नोंदणीचा दाखला हवा ज्यात दोन्ही नावं असतील. त्या काळची बरीच लग्नं नोंदलेलीच नाहीत. मग राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणं हा सरळ मार्ग. आई हयात असेल तर हे काम आजच करून टाका. तिच्या मागे हेच सिद्ध करताना तुमची दमछाक होईल, कारण राजपत्रासाठी अर्ज करायला ती स्वतः लागते.

सहीचं तसंच. तिशीतली सही सत्तरीत जुळत नाही. भागधारक हयात असेल तर ‘आयएसआर-2’ हा फॉर्म भरायचा. त्यात बँक सही प्रमाणित करते. ‘आयएसआर-1’ मध्ये पॅन, पत्ता, बँक खातं वगैरे तपशील. आयएसआर-2 परत येण्याचं सर्वांत मोठं कारण ऐकून तुम्ही हसाल: मॅनेजर सही-शिक्का देतो, पण स्वतःचं नाव, कर्मचारी क्रमांक आणि शाखेचा पत्ता लिहीत नाही. काउंटरवरून हलायच्या आधी तिथेच उभं राहून हे रकाने पाहा. सोबत नाव छापलेला रद्द केलेला चेक. चेकवर नाव छापलेलं नसेल तर बँकेनं साक्षांकित केलेलं पासबुकाचं पान.

वारसा कोणत्या दारानं

शेअर दोघांच्या नावे असतील आणि एक हयात असेल, तर सगळ्यात सोपं. मृत्यूचा दाखला आणि केवायसी दिली की गेलेल्या माणसाचं नाव कमी होतं. इथे वारसदारांच्या सह्या मागत नाहीत. पण लोक उगीचच मुलांची ना हरकत पत्रं वगैरे जोडतात आणि टेबलावरच्या माणसाच्या मनात नसलेली शंका उत्पन्न करतात. मागितलं नाही ते देऊ नका.

नॉमिनी नोंदलेला असेल तर ‘आयएसआर-5’ फॉर्म, मृत्यूचा दाखला, पॅन, मूळ सर्टिफिकेटं. काम होतं. फक्त नॉमिनी झाला म्हणजे मालक झाला असं समजू नका. 14 डिसेंबर 2023 ला शक्ती येझदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कंपनी कायद्यातलं नॉमिनेशन वारसाहक्काला बाजूला सारत नाही. नॉमिनीच्या खात्यात शेअर येतात ते खऱ्या वारसांसाठी सांभाळायला. भाऊ नॉमिनी होता म्हणून बहिणीचा हिस्सा संपत नाही.

दोन्ही नसेल, एकच नाव आणि नॉमिनी नाही, तर एका कंपनीतल्या शेअरची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तोवर सेबीच्या 2022 च्या नियमांनी सोपी वाट ठेवली आहे: वारसांचं प्रतिज्ञापत्र, नुकसानभरपाईचा बाँड आणि हक्क न मागणाऱ्या वारसांची ना हरकत. ही मर्यादा कंपनीगणिक मोजतात, सगळ्या फाइलची मिळून नाही, हे ध्यानात घ्या. चार कंपन्यांचे मिळून 14 लाख होत असले तरी प्रत्येकीचे 5 च्या आत असतील तर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

त्यावर गेलं तर दिवाणी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा वारस दाखला, किंवा मृत्युपत्र असेल तर त्यासंबंधीचे कागद. तलाठ्याकडची वारस नोंद सातबाऱ्यासाठी ठीक आहे. ती घेऊन शेअरच्या कामाला येऊ नका. न्यायालयात अर्ज करताना परिशिष्टात प्रत्येक कंपनीचं आजचं नाव, फोलिओ आणि आजची संख्या लिहा. वकील सर्टिफिकेटवर आहे ते उतरवून मोकळा होतो, ‘टेल्को, 100 शेअर’. महिन्यांनी हातात येतो तो आदेश टेल्कोच्या 100 शेअरचा, आणि फोलिओत मात्र ते नाव नाही, ती संख्या नाही. पुन्हा दुरुस्तीचा अर्ज. पहिलं पत्र आधी पाठवायचं ते एवढ्यासाठीही.

सर्टिफिकेट हरवलेलं असेल तर दुय्यम प्रतीची प्रक्रिया वेगळी: पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहिरात, बाँड. ठरावीक किमतीच्या आत तक्रार आणि जाहिरात माफ असते, ती मर्यादा रजिस्ट्रार सांगेल.

डीमॅट खातं आधी उघडा

आता कागदी सर्टिफिकेट परत मिळत नाही, शेअर डीमॅटमध्येच, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यातच येतात. तेव्हा अर्ज करण्याच्या आधी दावेदाराचं डीमॅट खातं उघडून त्याची ‘क्लायंट मास्टर लिस्ट’ (खात्याच्या तपशिलाचा कागद) ब्रोकरच्या शिक्क्यासह जवळ ठेवा. खात्यातली नावं आणि त्यांचा क्रम, ज्यांच्या नावे शेअर होणार त्यांच्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. दोघे भाऊ मिळून दावा करणार असतील आणि खात्यात धाकटा पहिला असेल, तर तेवढ्यावर प्रकरण परत येतं.

2022 च्या पद्धतीनुसार रजिस्ट्रारकडून तुमच्या हाती सर्टिफिकेटऐवजी ‘लेटर ऑफ कन्फर्मेशन’ हे मंजुरीचं पत्र आलं, तर त्यावरची तारीख बघा. तिथपासून 120 दिवसांत ते डीमॅटच्या विनंती अर्जासोबत ब्रोकरकडे द्यायचं असतं. मुदत टळली तर शेअर कंपनीच्या एस्क्रो (तात्पुरते राखून ठेवण्याच्या) खात्यात जातात. बुडत नाहीत, पण पुन्हा अर्ज, पुन्हा प्रतीक्षा. हे पत्र लोक देवापुढे ठेवतात आणि खातं उघडायला सवडीनं निघतात!

भागधारक हयात असेल आणि नाव-सही जुळत असेल तर या वाटेनं जायची गरजच नाही. केवायसी अद्ययावत करा, सर्टिफिकेटं ब्रोकरमार्फत डीमॅटला द्या. काका-मामा हयात असताना त्यांच्याकडून हे करवून घेणं हे पुढच्या पिढीवरचे सगळ्यात मोठे उपकार.

आयईपीएफकडे गेलेले शेअर

सलग 7 वर्षं लाभांश घेतला नाही की कंपनी कायद्याच्या कलम 124 प्रमाणे लाभांश तर जातोच, ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे वर्ग होतात. ‘सरकारनं जप्त केले’ असं लोक म्हणतात. तसं नाही, मागता येतात, आणि मागायला कालमर्यादा नाही. निधीच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं.

इथे क्रम फार महत्त्वाचा. आधी वारसाहक्काचे सगळे कागद रजिस्ट्रारकडे देऊन कंपनीचं ‘एन्टायटलमेंट लेटर’, म्हणजे तुमचा हक्क मान्य केल्याचं पत्र, मिळवा. मगच ‘आयईपीएफ-5’ हा ऑनलाइन फॉर्म भरा. त्याची छापील प्रत, पोच, बाँड आणि मूळ सर्टिफिकेटं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायची. कंपनी पडताळणी करून आयईपीएफ प्राधिकरणाला अहवाल देते, मग शेअर तुमच्या डीमॅटमध्ये आणि रक्कम खात्यात. लोक उत्साहात आधी फॉर्म भरतात आणि कागद नंतर गोळा करतात. त्यात एकदा फॉर्म नाकारला गेला तर पुन्हा पहिल्यापासून, शिवाय एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करायचा असा नियम आहे. तेव्हा त्या कंपनीतले वडिलांचे आणि आजोबांचे सगळे फोलिओ आधी शोधून घ्या.

वेळ लागतो. महिने लागतात. जून 2025 मध्ये पुण्यात प्राधिकरण आणि सेबी यांनी मिळून ‘निवेशक शिबिर’ भरवलं होतं. असं शिबिर जवळपास होत असेल तर फाइल घेऊन जरूर जा. समोरासमोर बसलेला माणूस पाच मिनिटांत सांगतो ते पत्रव्यवहारात कळायला दोन महिने जातात.

एजंट

तुमचे शेअर आयईपीएफमध्ये गेले की ती नावं जाहीर याद्यांत दिसतात. त्या बघून फोन येतात: ‘तुमच्या वडिलांचे अमुक लाखांचे शेअर आहेत, आम्ही काढून देतो, टक्केवारी द्या.’ यातले काही खरोखर काम करतात. पण कोणत्या कंपनीचे ते सांगायच्या आधी करारावर सही मागणारा, कोऱ्या फॉर्मवर सह्या घेणारा, मूळ सर्टिफिकेटं ‘आमच्याकडे ठेवा’ म्हणणारा दारातून परत पाठवा. मदत हवीच असेल तर ओळखीचा सीए किंवा वकील ठरावीक फी घेऊन करेल. टक्केवारीवर नको. लक्षात घ्या, सगळ्यात कठीण काम, म्हणजे नावांचे कागद गोळा करणं, ते एजंटही तुमच्याकडूनच करून घेतो.

शेअर जमा झाल्यावर

लाभांशाचं आधी विचारा. मागच्या 7 वर्षांतला न दिलेला लाभांश कंपनीकडे असतो आणि तो मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देत नाही. कागदी फोलिओंना 1 एप्रिल 2024 पासून केवायसी पूर्ण असल्याशिवाय लाभांश मिळतच नाही, त्यामुळे हल्लीची दोन-तीन वर्षंही त्यात अडकलेली असतील.

कर: वारशानं शेअर मिळाले यावर कर नाही, इस्टेट ड्युटी 1985 मध्येच गेली. विकाल तेव्हा लागतो. वडिलांनी धरून ठेवलेला काळही मोजला जातो, म्हणून ते दीर्घ मुदतीचेच. सूचिबद्ध शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला 1.25 लाखांपर्यंत माफी, त्यापुढच्या नफ्यावर 12.5 टक्के. वडिलांची खरेदी किंमत सापडत नसेल तर डोकं धरून बसू नका: 31 जानेवारी 2018 च्या आधी घेतलेल्या सूचिबद्ध शेअरना त्या दिवशीचा सर्वोच्च भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, फक्त विक्री किमतीपेक्षा जास्त नाही. त्यानंतर स्प्लिट (एका शेअरचे अनेक) झालं असेल तर तो भाव त्या प्रमाणात भागून घ्या. बोनसनं नंतर मिळालेल्या शेअरची खरेदी किंमत मात्र शून्य, हे सीएकडून पडताळून घ्या. आणि सगळे विकायचेच असतील तर काही मार्चमध्ये, काही एप्रिलमध्ये विका. 1.25 लाखांची माफी दोनदा मिळते.